वय वर्षे सतरा, स्पर्धा जगाची

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात फुटबॉलचा जो विश्वचषक झाला, त्यात उतरायची पहिली अट जन्मतारखेची होती. १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा चालेल. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री जन्मलेला चालणार नाही, मग तो कितीही मोठ्या दर्जाचा खेळाडू असो. ‘१७ वर्षांखालील’ असं नाव असलं तरी स्पर्धा सुरू होईपर्यंत त्यातल्या कित्येक मुलांनी सतरावं ओलांडलेलं असतं, काही अठराच्या उंबरठ्यावर असतात. नियम फक्त एवढंच पाहतो की स्पर्धेच्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आधी सतरा पूर्ण झालेली नसावीत. ही एक तारीख वरवर कारकुनी वाटते. पण या स्पर्धेतले विजय, वाद, वैद्यकीय तपासण्या आणि मागे पडलेल्या मुलांच्या कहाण्या, या सगळ्याचा उगम तिच्यातच आहे.

स्पर्धेची कल्पना आशियातली, सिंगापूरची. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९७७ मध्ये ‘लायन सिटी कप’ नावाची १६ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा सुरू केली. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष जुआव आव्हेलांज १९८२ मध्ये सिंगापूरला आले, ती कल्पना त्यांना भावली, आणि या वयोगटाची जागतिक स्पर्धा भरवावी असा आग्रह त्यांनी फिफाकडे धरला. १९८५ मध्ये चीनमध्ये पहिली स्पर्धा झाली. तेव्हा वयोमर्यादा सोळाची होती. १९९१ पासून ती सतरा झाली. मोठ्यांच्या विश्वचषकापेक्षा इथले काही नियम वेगळे आहेत. आपल्याकडे स्पर्धा झाली तेव्हा बाद फेरीत बरोबरी झाली की जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआऊट होत असे. दर दोन-तीन दिवसांनी मैदानात उतरणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलांना आणखी अर्धा तास पळवू नये, हा विचार मला फार योग्य वाटतो.

पहिला चषक नायजेरियाने जिंकला, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला २-० असं हरवून. फिफाची कोणतीही जागतिक स्पर्धा आफ्रिकेतल्या देशाने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर घाना आला. १९९१ आणि १९९५ चे चषक घानाचे, १९९३ चा पुन्हा नायजेरियाचा. २०२५ पर्यंत झालेल्या २० स्पर्धांपैकी सात आफ्रिकेने जिंकल्या, त्यातल्या पाच एकट्या नायजेरियाने. ब्राझीलच्या नावावर चार आहेत. आता हीच यादी मोठ्यांच्या विश्वचषकाशेजारी ठेवून पाहा. तिथे आफ्रिकेची आजवरची सर्वोच्च मजल म्हणजे २०२२ मध्ये मोरोक्कोने गाठलेली उपांत्य फेरी. उलट मोठ्यांचा विश्वचषक तीनदा जिंकणारा अर्जेंटिना मुलांच्या या स्पर्धेत एकदाही अंतिम फेरीत पोहोचलेला नाही. स्पेनने इथे १९९१, २००३, २००७ आणि २०१७ असे चार अंतिम सामने गमावले, आणि दरम्यान २०१० मध्ये त्यांचा मोठा संघ जगज्जेता होऊन गेला. इटलीला हा चषक कधीच मिळालेला नाही. म्हणजे सतराव्या वर्षी जो देश पुढे असतो तो पंचविसाव्या वर्षी पुढे असेलच असं नाही.

हे असं का होतं, याचं एक उत्तर पूर्वी सर्रास दिलं जायचं: वयचोरी. संशयाला आधार नव्हता असं नाही. १९८९ मध्ये फिफाने नायजेरियाला वयोगटाच्या स्पर्धांतून दोन वर्षांसाठी बाहेर ठेवलं. कारण १९८८ च्या ऑलिम्पिकसाठी कळवलेल्या तीन खेळाडूंच्या जन्मतारखा त्याच खेळाडूंच्या आधीच्या स्पर्धांतल्या तारखांशी जुळत नव्हत्या. त्याच १९८९ मध्ये यजमान स्कॉटलंड ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर अंतिम सामना खेळत होता. २-० ने पुढे असलेल्या स्कॉटलंडला सौदी अरेबियाने बरोबरीत गाठलं आणि पेनल्टींवर हरवलं. सौदीच्या खेळाडूंच्या वयाबद्दल स्कॉटलंडमध्ये पुढे कित्येक वर्षं बोललं गेलं, पण सिद्ध काहीही झालं नाही. आजही हा चषक जिंकणारा आशियातला तो एकमेव देश आहे. अशा वेळी मला वाटतं, पुराव्याशिवायचा संशय पोरांच्या माथी मारू नये. जिथे जन्माची नोंदच वेळेवर होत नाही, तिथे कागदावरची तारीख चुकीची असणं आणि कुणी ती मुद्दाम बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वय ठरवायचं कसं? कागदावर भरवसा नसेल तर शरीराला विचारावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी मनगट निवडलं. आपल्या हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ रुंद होतं. वाढत्या वयात त्या रुंद टोकाच्या आणि उरलेल्या हाडाच्या मध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी तिथेच वाढते. वाढ संपत आली की हा थर मध्यापासून हाडात बदलू लागतो, मग कडांपर्यंत पोहोचतो, आणि शेवटी दोन्ही भाग असे एकजीव होतात की मधली रेघ दिसेनाशी होते. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राचे प्रमुख डॉक्टर यिरी द्वोर्झाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाच्या सहा पायऱ्या ठरवल्या: अजिबात न जुळलेलं हाड ही पहिली, पूर्ण एकजीव झालेलं ही सहावी. स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जेरिया आणि अर्जेंटिना इथल्या १४ ते १९ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या ४९६ मुलांची मनगटं त्यांनी तपासली. जन्मतारीख खात्रीची असलेल्या या मुलांत सतरा वर्षांच्या वयात सहावी पायरी गाठलेली मुलं एक टक्क्याहूनही कमी निघाली. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांऐवजी एमआरआय वापरायचा हेही तेव्हाच पक्कं झालं, कारण निरोगी मुलाला केवळ वय पाहण्यासाठी किरणोत्सर्ग देणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. मुलाने फक्त मनगट न हलवता काही मिनिटं यंत्रात ठेवायचं. सुई नाही, वेदना नाही.

२००९ मध्ये नायजेरियात झालेल्या स्पर्धेपासून ही तपासणी विश्वचषकात आली. मात्र तिची मर्यादा समजून घ्यायला हवी. सहावी पायरी दिसली तर मुलगा सतरापेक्षा मोठा आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. पण सहावी दिसली नाही म्हणून तो सतराच्या आतला आहे असं म्हणता येत नाही. कित्येक अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचं हाड तोवर पूर्ण जुळलेलं नसतं. आणि उलट बाजूने, लवकर वयात आलेला एखादा खराखुरा सतरा वर्षांचा मुलगा यात विनाकारण अडकू शकतो. शेकड्यात एक हे प्रमाण संशोधकाला नगण्य वाटेल, पण ज्याच्या आयुष्यातली एकुलती एक संधी जाते त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं. म्हणून ही तपासणी संघ जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी, मुलाचं नाव कुठेही झळकण्यापूर्वी व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट. तपासणी आल्यानंतरही २०१३ आणि २०१५ ची स्पर्धा नायजेरियानेच जिंकली. २०१५ मध्ये व्हिक्टर ओसिम्हेनने दहा गोल केले आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर माली हा दुसरा आफ्रिकी संघ होता. तेव्हा सगळं यश वयचोरीच्या खात्यात टाकणाऱ्यांना आपलं मत तपासावं लागतं. तिथल्या मुलांच्या पायात खेळ आहे, वेग आहे, महिनोन्‌महिने एकत्र सराव आहे. पुढे कमी पडते ती देशातली लीग, मैदानं, डॉक्टर, आणि कोवळ्या वयात परदेशी क्लबच्या हवाली झालेल्या मुलावर लक्ष ठेवणारं कुणीतरी.

घानाच्या नी लॅम्प्टेची कारकीर्द पाहिली की हे कळतं. १९९१ मध्ये इटलीत झालेल्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. बेल्जियमच्या अँडरलेख्टने त्याला आधीच उचललं होतं. त्यानंतर हॉलंड, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, तुर्कस्तान, पोर्तुगाल, जर्मनी, चीन असे देश आणि क्लब बदलत राहिले, आणि ज्या उंचीची सगळे वाट पाहत होते ती कधी आलीच नाही. शिक्षण नसल्यामुळे करारांत काय लिहिलंय ते आपल्याला कळत नसे आणि एजंटांनी त्याचा फायदा घेतला, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. खेळ संपल्यावर त्याने अक्रामध्ये मुलांसाठी शाळा काढली. मला लॅम्प्टेच्या पदकापेक्षा ती शाळा मोठी वाटते.

वयाचा पेच एवढ्यावर संपत नाही. समजा सगळे दाखले खरे आहेत. तरीही १ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा कागदावर एकाच वयाचे. बाराव्या-तेराव्या वर्षी या अकरा-बारा महिन्यांचा फरक केवढा असतो हे शाळेच्या मैदानावर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे: एकाचा आवाज फुटलेला, खांदे भरलेले, दुसरा अजून पोर. प्रशिक्षक निवड चाचणीत मोठा, वेगवान मुलगा घेतो. त्या मुलाला चांगला सराव मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला झालेला असतो. त्यामुळे जगभरच्या वयोगट संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं ठळकपणे जास्त आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली कमी आढळतात. यावर १९९० च्या दशकापासून पुष्कळ अभ्यास झाला आहे. इथे कुणीही फसवणूक केलेली नसते, तरी वर्षाच्या शेवटी जन्मलेली गुणी मुलं मागे पडतात. आपल्या शालेय स्पर्धांतही १४, १७ आणि १९ वर्षांखालील असेच गट असतात. तेव्हा चाचणी घेणाऱ्या शिक्षकांनी हातातल्या यादीत जन्ममहिन्याचा रकाना ठेवावा आणि निवड करताना तो एकदा डोळ्यांखालून घालावा, असं मला मनापासून वाटतं. खर्च काहीच नाही.

या स्पर्धेत चमकून पुढेही चमकत राहिलेल्यांची यादी लांबलचक आहे. लुईस फिगो १९८९, बुफॉन आणि तोत्ती १९९३, रोनाल्डिन्यो १९९७, फाब्रेगास २००३, टोनी क्रूस २००७. नेमार २००९ मध्ये खेळला, पण त्याचा ब्राझील साखळीतच गारद झाला आणि चषक स्वित्झर्लंडने नेला. त्या स्विस संघातले ग्रानिट झाका आणि रिकार्दो रोद्रिगेस पुढे देशाच्या मुख्य संघाचा कणा झाले.

२०१७ चा इंग्लंडचा संघ आपल्या डोळ्यांसमोर खेळला, म्हणून त्याचं उदाहरण जवळचं. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामन्यात स्पेन अर्ध्या तासात २-० ने पुढे गेला. मध्यंतराच्या जरा आधी ऱ्हियन ब्रूस्टरने हेडर मारून एक गोल परत केला आणि उत्तरार्धात इंग्लंडने आणखी चार केले. ५-२. त्यातले दोन फिल फोडेनचे. ब्रूस्टरने मडगावात अमेरिकेविरुद्ध आणि कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध लागोपाठ हॅट्‌ट्रिक केल्या होत्या; स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल त्याचे. सर्वोत्तम खेळाडू फोडेन. पुढे फोडेन मँचेस्टर सिटीकडून एकामागून एक विजेतेपदं जिंकत गेला, मार्क गेही आणि कॉनर गॅलाघर इंग्लंडच्या मुख्य संघात आले. ब्रूस्टरला दुखापतींनी गाठलं आणि त्या वाटेवर तो मागे राहिला. त्या ऑक्टोबरमध्ये दोघांना शेजारी उभं करून कुणी भविष्य विचारलं असतं तर अनेकांनी ब्रूस्टरचंच नाव घेतलं असतं.

आणि आपली मुलं? यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारतीय फुटबॉल संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. २१ जणांच्या संघात आठ एकट्या मणिपूरचे होते. कर्णधार अमरजित सिंग कियाम, गोलरक्षक धीरज सिंग. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, आणि अमेरिकेत वाढलेला मुंबईचा नमित देशपांडे बचावफळीत. दिल्लीतल्या पहिल्या सामन्यात अमेरिकेने ३-० ने हरवलं. त्यात दोन गोल मागे असताना अन्वर अलीचा जोरदार फटका गोलच्या आडव्या दांडीवर आदळला आणि त्याच परतलेल्या चेंडूवर अमेरिकेने धावत जाऊन तिसरा गोल केला. दोन संघांतलं अंतर तिथे काही सेकंदांत दिसलं: फटका चुकल्यावर आपली मुलं हळहळत असताना समोरची पळू लागलेली होती.

९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला भारत एका गोलने मागे होता. संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला. चेंडू उंच येऊन गोलसमोर वळला, आणि सहा फुटांहून उंच जीक्सन सिंगने गर्दीतून उडी घेत डोक्याने तो जाळ्यात धाडला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियमचा नुसता गजर झाला. लगेच पुढच्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाने दुसरा गोल करून सामना नेला. अननुभवी संघाचं हे नेहमीचं दुखणं आहे. गोल झाल्यावरची पुढची दोन मिनिटं सावधपणे काढायची असतात हे फळ्यावर शिकवता येतं, पण अंगात मुरतं ते शेकडो अटीतटीच्या सामन्यांतूनच. तसे सामने या मुलांच्या वाट्याला आले नव्हते. तिसऱ्या सामन्यात घानाने ४-० ने हरवलं.

प्रेक्षकांनी मात्र भरभरून दिलं. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणी मिळून ५२ सामन्यांना १३,४७,१३३ लोक आले आणि १९८५ च्या चीनमधल्या स्पर्धेचा विक्रम मोडला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणने जर्मनीला ४-० असं धुऊन काढलं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये माली आणि स्पेनचा उपांत्य सामना झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवून राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल वाटले आणि एकाच दिवशी लाखो मुलांना मैदानात उतरवलं. उत्साह खरा होता. पण फुटबॉलपटू घडायला दर आठवड्याला सामना लागतो, आणि वर्षभर चालणारी लीग बहुतेक जिल्ह्यांत नव्हती. अपवाद शोधायचा तर कोल्हापूरकडे पाहावं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे आणि पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, गल्लीगल्लीत समर्थक असतात आणि लहान पोरं ते पाहतच मोठी होतात. अनिकेत जाधव त्या शहरातून आला हा योगायोग नाही.

स्पर्धेनंतर महासंघाने त्या मुलांना बऱ्याच अंशी एकत्र ठेवून ‘इंडियन अ‍ॅरोज’ नावाने आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध खेळवलं. ते हरत होते, शिकत होते. त्यातूनच जीक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली हे पुढे भारताच्या मुख्य संघात आले. २०२२ मध्ये तो संघ बंद झाला, हे मला आजही पटलेलं नाही. त्याच वर्षी मुलींची १७ वर्षांखालील स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाली. अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. गुमल्याच्या अस्तम उरांवच्या नेतृत्वाखाली आपल्या मुली अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझीलविरुद्ध तीनही सामने मोठ्या फरकाने हरल्या. मुलांपेक्षाही कितीतरी कमी सामने खेळून त्या तिथवर आल्या होत्या, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हे आधी पाहायला हवं होतं.

२०२५ पासून स्पर्धेत मोठा बदल झाला आहे. ४८ संघ, आणि दर वर्षी स्पर्धा. २०२९ पर्यंत यजमान कतार. पहिल्या खेपेला पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० ने हरवून चषक नेला. स्पर्धा फार फुगली अशी तक्रार ऐकू येते, पण वयाच्या हिशोबात मला हा बदल न्याय्य वाटतो. पूर्वी स्पर्धा दोन वर्षांनी एकदा व्हायची, ती विषम वर्षी. २००० साली जन्मलेल्या मुलाला २०१७ मध्ये ती ऐन सतराव्या वर्षी मिळाली. २००१ साली जन्मलेल्याला मात्र एक वर्ष लहान असताना, स्वतःहून मोठ्या मुलांशी झगडून जागा मिळवावी लागे, आणि २०१९ उजाडेपर्यंत त्याचं वय निघून गेलेलं असे. जन्मवर्ष एका अंकाने चुकलं म्हणून कितीतरी पिढ्यांतली निम्मी मुलं अशी अर्ध्या संधीवर राहिली. आता प्रत्येक वर्षाच्या मुलांना आपली स्पर्धा आहे.

भारतासाठी यातला हिशोब आणखी थेट आहे. २०१८ मध्ये गोव्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांचा १६ वर्षांखालील संघ मलेशियात आशियाई स्पर्धेला गेला. व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी केली, आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हार पत्करली. चार सामन्यांत एकच गोल स्वीकारला, पण तेव्हा आशियातल्या पहिल्या चार संघांनाच विश्वचषकाचं तिकीट मिळायचं. २०२५ च्या स्पर्धेसाठी यजमान कतार सोडून आशियाला आठ जागा मिळाल्या, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गाठली की प्रवेश पक्का. बिबियानोंच्या त्या मुलांनी जिथवर मजल मारली होती, तेवढी आता पुरते.